सहीमागची सही

दहावीच्या गुणपत्रिकेची सगळ्यात रोकडी किंमत भारतीय पासपोर्टवर दिसते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद येते. मग सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा ठरावीक अठरा देशांत नोकरीला निघताना त्याला सरकारच्या उत्प्रवासी संरक्षकाकडून वेगळी परवानगी काढावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. या नियमाला इतरही सवलती आहेत, पण खेड्यातल्या तरुणाच्या हाती बहुधा ही एकच असते. गणितात किती गुण पडले, याची तिथे कुणी चौकशी करत नाही. कागद खरा आहे ना, एवढाच प्रश्न असतो. आणि हाच प्रश्न माणूस जितका दूर जाईल तितका अवघड होत जातो.

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूर तालुक्यातलं वाटूर लागतं. फाट्यावरून परतूरचा रस्ता फुटतो. या भागातली मुलं शिकायला परतूर, मंठा, जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगर गाठतात. जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, म्हणून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन या आयटीआयच्या ट्रेडना इथे वजन आहे. कुणी नर्सिंगला जातं, कुणी बीएस्सी करतं, कुणी इंजिनिअरिंग. परतूरच्या ऑफिसात अशा मुलाचा दाखला पुढे केला, की कारकून मुख्याध्यापकांची सही ओळखतो आणि काम होतं. तोच दाखला दुबईतल्या कंपनीच्या टेबलावर गेला, की ती सही कुणाची, ती शाळा कुठली, तिला मान्यता होती का, यातलं काहीच समोरच्याला ठाऊक नसतं. परक्या देशात शिक्षण सिद्ध करायचं म्हणजे हे अंतर कसं तरी भरून काढायचं. त्यासाठी जगानं शोधलेला उपाय फार जुना आहे: एका सहीवर दुसरी सही, दुसरीवर तिसरी.

पदवीचं प्रमाणपत्र घ्या. विद्यापीठाच्या परीक्षा विभागानं ते आपलंच असल्याची खातरजमा करायची. त्या अधिकाऱ्याची सही राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानं प्रमाणित करायची. राज्याच्या अधिकाऱ्याची सही दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयानं. संयुक्त अरब अमिरातीला जायचं असेल, तर मंत्रालयाच्या सहीवर त्या देशाच्या दूतावासाची मोहोर आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याची. प्रत्येकजण फक्त आपल्या मागच्याची ग्वाही देतो. शेवटची मोहोर उमटवणाऱ्यानं विद्यापीठाचं नावही ऐकलेलं नसतं आणि ते त्याचं कामही नाही.

ही लांबण कमी करायला ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग इथे एक करार झाला. करारातल्या देशांनी एकमेकांचे सरकारी कागद एकाच शिक्क्यावर मान्य करायचे ठरवलं. त्या शिक्क्याला अपॉस्टिल म्हणतात. त्याचा साचा ठरलेला आहे: किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, त्यावर फ्रेंच भाषेतलं शीर्षक आणि क्रमानं दहा रकाने. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. भारतीय अपॉस्टिल म्हणजे कागदामागे चिकटवलेली एक पट्टी, तिच्यावर क्रमांक, आणि तो क्रमांक परदेशातला अधिकारी संगणकावर तपासू शकतो. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाला. अमिराती, कतार आणि कुवेत मात्र बाहेरच राहिले, म्हणून तिकडे निघालेल्यांच्या वाट्याला दूतावासाची फेरी आली. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला तिनं आक्षेप नोंदवला होता, म्हणून तिथला मार्ग पुन्हा वेगळा.

अपॉस्टिलबद्दल एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. ही पट्टी तीनच गोष्टी प्रमाणित करते: सही कुणाची, तो कुठल्या अधिकारानं सही करतो, आणि शिक्का कुणाचा. कागदात लिहिलेलं खरं आहे की नाही, यावर ती काही म्हणत नाही. म्हणजे सह्यांची सगळी रांग पार केल्यावरही मूळ प्रश्न जागेवरच राहतो. त्याचं उत्तर एकाच ठिकाणी मिळू शकतं, जिथे तो निकाल पहिल्यांदा नोंदवला गेला त्या रजिस्टरात.

जालना जिल्ह्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण राज्यभर गाजलं आणि जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधून आणि शाळांमधून जुनी दप्तरं बाहेर निघाली. निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदी, मोडीतली पानं, शाळांची जनरल रजिस्टरं. आजोबा-पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय, हे पाहण्यासाठी माणसं तासन्‌तास बसली. ज्या शाळेनं आपलं रजिस्टर उंदीर-वाळवीपासून जपलं होतं, तिथल्या लोकांना उत्तर मिळालं. जिथे रजिस्टर पावसात भिजून गेलं होतं, तिथे चांगल्यातला चांगला अधिकारीही काही करू शकत नव्हता. परदेशी नोकरीच्या कागदांना नेमकी हीच गोष्ट लागू पडते, फक्त विचारणा मंत्रालयाऐवजी टोरांटोहून येते.

टोरांटोचं नाव उगीच घेतलेलं नाही. कॅनडानं मे २०१३ पासून कुशल कामगार म्हणून स्थायिक होऊ पाहणाऱ्यांना शैक्षणिक मूल्यमापन सक्तीचं केलं. ते करणाऱ्या नेमून दिलेल्या संस्थांपैकी भारतीयांना सर्वात परिचित म्हणजे १९७४ साली सुरू झालेली वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस. ही संस्था उमेदवाराच्या हातातल्या कागदावर भिस्त ठेवत नाही. विद्यापीठानं सर्व सत्रांच्या गुणांचा उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, बंद लिफाफ्यात घालून, लिफाफ्याच्या जोडावर सही-शिक्का मारून थेट पाठवावा, ही तिची प्रसिद्ध अट. अलीकडे काही विद्यापीठं तो संगणकावरूनही पाठवतात. आखातातल्या नर्स आणि डॉक्टरांसाठी डेटाफ्लो ही कंपनी हेच करते: नर्सिंग कॉलेज, विद्यापीठ, नर्सिंग कौन्सिल, जुनं हॉस्पिटल, प्रत्येक ठिकाणी स्वतः विचारणा धाडते आणि उत्तराची वाट पाहते. उत्तर आलं नाही, तर प्रकरण अडतं. कागद खरा असतो, नर्स हुशार असते, आणि तरी कुठल्यातरी कार्यालयात न उघडलेल्या एका ई-मेलमुळे तिची रुजू व्हायची तारीख निघून जाते.

हा अन्याय आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. चूक कार्यालयाची आणि दंड विद्यार्थ्याला.

आता नावांचा घोळ. मराठवाड्यात १९५८ पर्यंत महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नामांतराच्या दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. पुढे शहराचंही नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं. आता १९९२ साली बीएस्सी झालेल्या माणसानं ट्रान्सक्रिप्ट मागवलं, तर त्याच्या पदवीवर एक नाव, ट्रान्सक्रिप्टवर दुसरं, आणि पत्त्यातलं शहर तिसरंच. त्यात वाटूरचा माणूस असेल, तर आणखी एक भर पडते: परतूर तालुका १ मे १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. त्याआधी शाळा सोडलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा परभणी आणि पासपोर्टवर जिल्हा जालना. इथल्या माणसाला यातलं सगळं पाठ असतं. परदेशातल्या तपासनीसाला हे दोन वेगवेगळ्या माणसांचे कागद वाटतात. अशा वेळी विद्यापीठाच्या नामबदलाचं अधिकृत पत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत जोडली, की संशय तिथेच मिटतो. पुणे, सोलापूर, जळगाव या विद्यापीठांचीही नावं बदलली आहेत आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ची पदवी घेतलेले लोक आजही जगभर नोकऱ्या करतात, तेव्हा ही अडचण एकट्या मराठवाड्याची म्हणता येत नाही.

माणसाच्या नावाचं दुखणं त्याहून खोल आहे आणि त्याचा भार बायकांवर जास्त पडतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, तर दहावीच्या गुणपत्रिकेवरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई यांच्यात समान एक पहिलं नाव उरतं, आणि ते ‘सुनिता’ की ‘सुनीता’ याचीही खात्री नसते. विवाह नोंदणी दाखला, राज्य शासनाच्या राजपत्रातली नामबदलाची जाहिरात आणि प्रतिज्ञापत्र, या तीन कागदांनी हा पूल बांधता येतो. पण तो नोकरीचं पत्र आल्यावर बांधायला घेतला, तर उशीर होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रानं ठरवला आहे. निर्णय चांगला आहे. वीस वर्षांनी ही मुलं परदेशी निघतील, तेव्हा त्यांच्या नावातले चार शब्द परक्या अर्जातल्या दोन रकान्यांत कसे बसवायचे, हे आजच एका ठरलेल्या पद्धतीनं लिहून ठेवायला हवं.

कागद हरवला तर? पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, शाळेच्या किंवा कॉलेजच्या शिफारशीसह अर्ज आणि शुल्क, या वाटेनं बोर्ड आणि विद्यापीठ दुसरी प्रत देतात. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात घरंच्या घरं पाण्याखाली गेली, तेव्हा लोखंडी पेटीत ठेवलेली प्रमाणपत्रंही लगदा झाली. त्यांची दुसरी प्रत निघू शकली, कारण निकाल नोंदवणारं दप्तर दुसऱ्या ठिकाणी होतं. कॉलेज बंद पडलं तरी हाच आधार असतो. महाराष्ट्रात गेल्या पंधरा वर्षांत कितीतरी डीएड महाविद्यालयं बंद झाली. पण परीक्षा घेणारी संस्था वेगळी असल्यानं निकाल शाबूत राहिले. अडतं ते बारकाव्यांवर. नर्सिंगच्या मूल्यमापनात विचारतात, बालरुग्ण विभागात किती तास काम केलं? हे परीक्षा मंडळाला ठाऊक नसतं, कॉलेजलाच असतं.

हरवण्याहून जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे पदवी काढलेलीच नसणं. ‘डिग्री काढायची राहूनच गेली’ हे वाक्य ग्रामीण भागात फार ऐकू येतं. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका हाती आली, नोकरी लागली, पदवीदानाचा अर्ज कोण भरतो? गावात, तालुक्यात त्यावाचून काही अडत नाही. परदेशात मात्र पहिला प्रश्न पदवी प्रमाणपत्राचाच असतो.

या बाबतीतलं सर्वात मोठं मराठी उदाहरण खुद्द मराठवाड्याच्या विद्यापीठाच्या नावात आहे. भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एमए झाले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांचा पीएचडीचा प्रबंधही मान्य झाला. पण प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठाकडे जमा केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, हा कोलंबियाचा त्या वेळचा नियम होता. छपाईला पैसा लागतो आणि बडोद्याची शिष्यवृत्ती संपलेली होती. मधल्या काळात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पुन्हा लंडनला गेले, बॅरिस्टर झाले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डीएस्सी झाले, बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. प्रबंध १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनानं पुस्तकरूपात छापला. त्याला त्यांचे कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. आणि कोलंबियाची पीएचडी त्यांना रीतसर मिळाली जून १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर तीन महिन्यांनी. विद्या दहा वर्षं आधी पुरी झाली होती. कागद उरला होता. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी तर ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली. पण ऑक्सफर्डनं स्त्रियांना पदव्या द्यायला १९२० साली सुरुवात केली, त्यानंतरच त्यांना आपली पदवी घेता आली.

कागद अस्सल, नाव जुळणारं, विद्यापीठाचं उत्तरही वेळेवर. तरी गाडी पुढच्या फाटकावर थांबते, कारण अस्सल असणं आणि बरोबरीचं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९७७ सालच्या ‘मॅटर ऑफ शाह’ या स्थलांतर प्रकरणात असा निर्णय झाला, की भारतातली तीन वर्षांची बीएस्सी ही अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची नाही. तेव्हापासून बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्या कित्येकांना ती एका वर्षाची उणीव भरून दाखवावी लागली आहे. एच-वन-बी व्हिसाच्या नियमांत त्यासाठी एक हिशेब आहे: कामाच्या तीन वर्षांच्या अनुभवाला शिक्षणाचं एक वर्ष धरायचं. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी आता रुळते आहे. तिचा एक हेतू ही दरी बुजवण्याचाही आहे.

कुवेतचा अनुभव अधिक कडू. २०१८ साली तिथे परदेशी अभियंत्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र आवश्यक ठरलं. सोसायटीनं भारतीय महाविद्यालयं पारखायला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची, म्हणजे एनबीएची, यादी हाती घेतली. हे मंडळच मुळी १९९४ साली स्थापन झालं, आणि त्याचं मूल्यांकन घेणं महाविद्यालयांच्या मर्जीवर होतं. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं कुवेतच्या तेलप्रकल्पांवर काम केलेल्या, सरकारमान्य कॉलेजात शिकलेल्या भारतीय इंजिनिअरांच्या पदव्या एका रात्रीत प्रश्नांकित झाल्या. कॉलेजला मान्यता देणारी संस्था एक आणि गुणवत्ता तपासणारी दुसरी, हा फरक भारतात पालकांनाही नीट माहीत नसतो. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. या करारातले देश एकमेकांच्या अभियांत्रिकी शिक्षणाला समकक्ष मानतात. पण त्याचा लाभ एनबीएनं त्या करारानुसार मूल्यांकित केलेल्या अभ्यासक्रमांनाच. अकरावी-बारावीच्या मुलांनी प्रवेश घेताना वसतिगृहाइतकीच ही चौकशीही करावी.

आयटीआयवाल्यांसाठी सध्या सर्वात जवळची घडामोड जर्मनीची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुणांना तिकडे पाठवायचं उद्दिष्ट ठरलं आणि जर्मन भाषेच्या वर्गांची आखणी सुरू झाली. जर्मनीत परदेशी व्यावसायिक शिक्षणाला मान्यता देण्याचा कायदा एप्रिल २०१२ पासून आहे. उद्योग-व्यापारातल्या कामांसाठी न्यूरेंबर्गचं आयएचके फोसा हे कार्यालय परदेशी प्रशिक्षण आणि जर्मन प्रशिक्षण यांची विषयवार तुलना करतं. तुलनेनंतर पूर्ण मान्यता मिळते किंवा अर्धी; अर्धी मिळाली, तर नेमकं काय कमी पडलं ते लिहून देतात, आणि तेवढंच शिकून ती पुरी करता येते. नुसत्या नकारापेक्षा ही रीत कितीतरी माणुसकीची आहे. मात्र तुलना करायची, तर आयटीआयमध्ये कुठल्या यंत्रावर किती तास काम झालं हे सांगणारा अभ्यासक्रमाचा कागद लागतो, आणि नोकरी केलेल्या वर्कशॉपचं सविस्तर अनुभवपत्रही. ‘दोन वर्षे समाधानकारक काम केले’ या एका ओळीचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

ज्यांच्यामागे पत्राला उत्तर देणारं विद्यापीठच उरलेलं नाही, त्यांच्यासाठीही जगानं वाट काढायचा प्रयत्न केला आहे. शैक्षणिक पात्रतांच्या मान्यतेविषयीच्या १९९७ च्या लिस्बन करारात निर्वासितांसाठी स्वतंत्र कलम आहे. त्याच्या आधारानं २०१७ मध्ये युरोप परिषदेनं निर्वासितांसाठी पात्रता पासपोर्ट सुरू केला. युद्धात कागद गमावलेल्या सीरियातल्या शिक्षकाला किंवा तंत्रज्ञाला तज्ज्ञ समोर बसवतात, जे काही तुकडे हाती असतील ते पाहतात, काय शिकलास, कुणी शिकवलं, प्रयोगशाळेत काय होतं, हे तपशिलानं विचारतात आणि मग त्याच्या शिक्षणाचं वर्णन करणारं पत्र देतात. युनेस्कोनं झांबियात अशाच पासपोर्टचा प्रयोग केला. हे पत्र पदवीची जागा घेत नाही, पण मालकाच्या दारात उभं राहायला पुरतं.

आपल्याकडे २०१५ पासून डिजिलॉकर आहे, २०१६ साली राष्ट्रीय शैक्षणिक भांडाराला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, आणि अलीकडच्या तुकड्यांच्या गुणपत्रिका तिथे दिसतात. वाटूरहून आज दहावी होणाऱ्या मुलीला जुने घोळ कदाचित भेटणारही नाहीत. अडकलेली पिढी तिच्या आई-बापांची आहे: नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शिकलेले, आज चाळिशी-पन्नाशीत मस्कत, दोहा किंवा टोरांटोत काम करणारे. परवाना बदलताना, नोकरी बदलताना, देश बदलताना विचारणा त्यांच्याच कागदांची होते, आणि त्यांचे निकाल अजून जाड बांधणीच्या लेजरांत आहेत. संगणकावर चढवायचं काम नव्याकडून जुन्याकडे जात असेल, तर आधी ही पंधरा-वीस वर्षं हातात घ्यायला हवीत. बाहेर असलेल्यांनीही सुट्टीत घरी आल्यावर एक दिवस विद्यापीठाच्या परीक्षा विभागात घालवावा: पदवी काढली नसेल तर अर्ज भरावा, ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन बंद प्रती घेऊन ठेवाव्यात, आणि नावात फरक असेल तर राजपत्राची जाहिरात त्याच आठवड्यात द्यावी.